बळ कुणाचं वाढतं

कॅसलव्हेनियाच्या बहुतेक खेळांच्या शेवटी किल्ला कोसळतो. बुरूज एकेक करून ढासळतात आणि जिथे किल्ला होता तिथे नुसतं आकाश उरतं. पुढच्या खेळात तोच किल्ला पुन्हा उभा. फक्त जिने दुसरीकडे गेलेले, घड्याळाचा मनोरा दुसऱ्या टोकाला सरकलेला, तळघरात पाणी भरलेलं. असं का होतं, याचं उत्तर १९९७ च्या खेळात ड्रॅक्युलाचा मुलगा ॲलुकार्ड देतो: हा किल्ला म्हणजे अराजकातून जन्मलेला जीव आहे, तो दर वेळी नवं रूप घेऊन येतो. म्हणूनच या मालिकेतले खेळ एकमेकांशी ताडून पाहण्यात मला कायम गोडी वाटत आली आहे. घर तेच, मालक तोच, पण आत कोण शिरतंय त्यावर घराचा स्वभाव ठरतो.

कोनामी या जपानी कंपनीने पहिला खेळ सप्टेंबर १९८६ मध्ये काढला. जपानमध्ये तो निन्टेन्डोच्या फॅमिकॉमसाठी डिस्कवर आला, पुढे अमेरिकेत आणि युरोपात कार्ट्रिजवर. आपल्याकडे तेव्हा घरोघरी जी यंत्रं आली ती बहुतेक त्याच यंत्राच्या नकला होत्या. 'टीव्ही गेम' म्हणून त्या विकल्या जायच्या आणि एकेका कार्ट्रिजवर शेकडो खेळ असल्याचं छापलेलं असायचं. मारिओ आणि कॉन्ट्रा सगळ्यांना माहीत झाले. कॅसलव्हेनिया मिळायला ओळखीचं कुणीतरी लागायचं. माझ्या बाबतीत तो दादा होता. पुढे कॉलेजात त्याने कॉम्प्युटरवर एम्युलेटर बसवला आणि आम्ही दोघांनी उरलेले खेळ शोधून शोधून खेळले.

या मालिकेतला सगळ्यात चांगला खेळ कोणता, असं विचारलं की बहुतेकांच्या तोंडी एकच नाव येतं: 'सिम्फनी ऑफ द नाइट'. त्याचं कारण मला नीट कळतं. तो खेळ मी पाहिलेल्या सर्वांत देखण्या खेळांपैकी एक आहे. तरीही माझा क्रम वेगळा लागतो, कारण मी एक साधी गोष्ट पाहते. खेळ संपतो तेव्हा बळ कुणाचं वाढलेलं असतं? पडद्यावरच्या माणसाचं, की हातात कंट्रोलर धरलेल्याचं? या एका प्रश्नाला मालिकेतल्या तीन खेळांनी तीन पूर्णपणे निराळी उत्तरं दिली आहेत, आणि माझ्या आवडीचे तीन खेळ तेच आहेत.

पहिल्या खेळात सायमन बेलमाँट किल्ल्याच्या फाटकापाशी येतो तो हातात चाबूक घेऊन. साल १६९१. वाटेतल्या मेणबत्त्या फोडल्या की चाबूक मजबूत होतो, लांब होतो, पण हे सगळं पहिल्या काही मिनिटांत उरकतं. त्यानंतर शेवटपर्यंत सायमन आहे तसाच राहतो. त्याच्या जिवाची पट्टी सोळा खणांची, ती ड्रॅक्युलासमोरही सोळा खणांचीच. वाढतो तो किल्ला. सुरुवातीला एका फटक्याला दोन खण जातात, मग तीन, आणि शेवटच्या भागांत चार. म्हणजे चार फटके बसले की मरण. मेणबत्त्यांतून लाल बदाम पडतात, पण ते जीव भरून काढत नाहीत. ते कुऱ्हाड, पवित्र पाणी, क्रूस असल्या दुय्यम हत्यारांचं इंधन आहे. जीव भरायचा तर एखाद्या भिंतीआड दडवलेलं भाजलेलं मांस शोधावं लागतं. कुठली भिंत, ते खेळ सांगत नाही.

सायमनच्या उडीबद्दल खेळणारे अजूनही तक्रार करतात. एकदा पाय जमिनीवरून सुटले की दिशा बदलता येत नाही. पुढे उडी मारली तर पुढेच पडायचं, समोर खड्डा असो वा भुतं. चाबूकही लगेच चालत नाही; हात मागे जातो, क्षणभर थांबतो, मग फटका बसतो. जिन्यावर असताना उडी मारताच येत नाही. आणि काही लागलं की सायमन मागे फेकला जातो, बहुतेक वेळा मागे खड्डाच असतो. मारिओ हवेतल्या हवेत वळतो, मग हा का नाही, असं पहिल्यांदा खेळणाऱ्याला वाटणारच. मला मात्र ही उडी या खेळाचा जीव वाटते. बूट घातलेल्या, वजन असलेल्या माणसाची ती उडी आहे. ती मारण्याआधी निर्णय घ्यावा लागतो आणि घेतलेल्या निर्णयाचे परिणाम भोगावे लागतात.

मृत्यूच्या दालनाआधीचा तो बोळ खेळलेल्यांच्या अंगावर आजही काटा आणतो. खरंच मृत्यू; कोयता घेतलेला सांगाडा, ड्रॅक्युलाचा उजवा हात. त्याच्याकडे जाणाऱ्या या अरुंद वाटेत चिलखत घातलेले शिपाई कुऱ्हाडी फेकत उभे असतात, एक कुऱ्हाड डोक्यापाशी तर एक पायापाशी. त्यातच मेड्युसाची मुंडकी हवेतून लाटेसारखी वर-खाली होत येतात, न थांबता, पुढून आणि मागून. शिपाई मारायला थांबावं तर मुंडकं येतं, मुंडकं चुकवायला उडी मारावी तर कुऱ्हाड लागते. मी इथे उतावीळ व्हायचे. दादा शेजारी बसून हळूच म्हणायचा, "घाई करू नकोस गं. ते वर जाऊ दे, तू खालून निघ." त्या मुंडक्यांची लय ठरलेली आहे. ती लय डोळ्यांत बसली की बोळ सरळ होतो. पडद्यावर काहीही बदललेलं नसतं, शिपाई तेवढेच, कुऱ्हाडी तेवढ्याच, सायमन तोच. बदललेली असते ती मी. आणि पवित्र पाण्याची बाटली जपून इथवर आणली असेल तर तिच्या ज्वाळांत खुद्द मृत्यू जागच्या जागी खिळून राहतो, हेही कुणी सांगत नाही, आपलं आपल्याला सापडतं.

या खेळाला सिनेमाचं वेड आहे. सुरुवातीच्या नावाच्या पाटीला फिल्मच्या रिळासारखी भोकं आहेत. आत जे भेटतात ते सगळे जुन्या भयपटांतले: वटवाघूळ, मेड्युसा, ममी, फ्रँकेनस्टाइनचा राक्षस. शेवटच्या श्रेयनामावलीत बनवणाऱ्यांची खरी नावं नाहीतच. बोरिस कार्लोफ, लॉन चेनी अशा नटांच्या नावांची मोडतोड करून ती रचली आहेत, आणि संगीतापुढे 'जेम्स बनाना' असं लिहिलं आहे. ड्रॅक्युलाच्या ब्रिटिश चित्रपटांना संगीत देणाऱ्या जेम्स बर्नार्ड यांना केलेला तो नमस्कार आहे. प्रत्यक्षात ते संगीत किनुयो यामाशिता आणि सातोए तेराशिमा या दोन तरुणींचं. यंत्राकडे आवाज मोजकेच होते. तेवढ्यात त्यांनी पहिल्या दालनासाठी जी धून रचली ती पुढे मालिकेची ओळख झाली आणि खेळामागून खेळात नव्याने वाजत राहिली. भयाच्या खेळाला इतकं चालतं-धावतं, छाती पुढे काढून चालणारं संगीत द्यावं ही कल्पना मला फार मोठी वाटते. भीती दाखवायचं काम चित्रांनी केलं आणि पुढे ढकलायचं काम संगीताने.

माझ्या पिढीच्या अनेक मराठी वाचकांना रक्तपिपासू भेटला तो नारायण धारपांच्या 'लुचाई'त. स्टीफन किंगच्या कादंबरीवर बेतलेल्या त्या पुस्तकात भीती माणसांच्या वस्तीत शिरते. धारप वाचून झोपताना खिडकी नीट लागली आहे ना, हे आम्ही पाहायचो. कॅसलव्हेनियात दिशा उलटी आहे. भीती तिच्या घरी बसलेली असते आणि आपण तिच्या दारात जातो. सायमनच्या खेळात हे परकेपण पुरेपूर जाणवतं. एकही दालन त्याच्यासाठी बांधलेलं नाही. तो येतो, काम करतो आणि निघून जातो.

१९८७ च्या दुसऱ्या भागाबद्दल थोडक्यातच. त्यात दिवस-रात्र आहेत, गावं आहेत, ड्रॅक्युलाच्या अवयवांचा शोध आहे, 'ब्लडी टिअर्स' ही अप्रतिम धून आहे, आणि पुढे जायचं कसं हे सांगणाऱ्या सूचना इतक्या कोड्यात आहेत की गुडघे टेकून बसलं की वादळ येऊन पलीकडे नेतं, हे कुणी सांगितल्याशिवाय सुचणं कठीण. धाडस होतं, पण ते फळलं नाही. १९८९ चा तिसरा भाग मात्र पहिल्याचाच थोरला भाऊ. सायमनचा पूर्वज ट्रेव्हर, जादूगार सायफा, भिंतीवर चढणारा ग्रँट आणि ड्रॅक्युलाचा मुलगा ॲलुकार्ड; वाटा फुटतात, सोबती निवडावा लागतो. जपानी कार्ट्रिजमध्ये कोनामीने स्वतःची खास चिप बसवली होती, तिच्यामुळे संगीताला तीन जादा आवाज मिळाले. अमेरिकेतल्या यंत्राला ते आवाज घेता येत नव्हते, म्हणून तिथल्या लोकांनी तेच संगीत बारीक होऊन ऐकलं. दोन्ही एकापाठोपाठ एक ऐकून पाहा. मला जपानी ऐकल्यावर दुसरं अर्धपोटी वाटतं.

आता सिम्फनी. प्लेस्टेशनवर, मार्च १९९७ मध्ये. दिग्दर्शक तोरु हागिहारा, त्यांच्या जोडीला कोजी इगाराशी, चित्रं आयामी कोजिमा यांची, संगीत मिचिरू यामाने यांचं. सुरुवात आधीच्या, १९९३ च्या 'रोंडो ऑफ ब्लड'च्या शेवटच्या लढाईने होते: रिक्टर बेलमाँट ड्रॅक्युलाला मारतो. मग काळ पुढे सरकतो, आणि रात्रीच्या रानातून ॲलुकार्ड धावत येतो. ते धावणं मी कितीही वेळा पाहू शकते. काळा अंगरखा मागे लहरतो, पांढरे केस उडतात, त्याच्या मागे त्याच्याच सावल्या निळसर होऊन विरत जातात. पाऊल पडताना आवाज नाही. सायमनच्या जड बुटांनंतर हे शरीर पाहिलं की वाटतं, हा इथलाच. घरचा मुलगा घरी आला आहे.

आणि घरही त्याला घरच्यासारखंच वागवतं. इथे ठरावीक क्रमाची दालनं नाहीत. पूर्ण किल्ला एकच सलग नकाशा आहे, जिकडे वाट दिसेल तिकडे जा. बंद दार लागलं तर नवी शक्ती मिळवून परत या. लांडगा व्हा, वटवाघूळ व्हा, धुकं होऊन जाळीतून निघा. जुने खेळ लोक चटकन संपवून टाकतात, खेळ हातात जास्त दिवस राहायला हवा, या विचारातून ही रचना आल्याचं इगाराशींनी सांगितलं आहे. त्यांच्या डोळ्यांपुढे 'झेल्डा' होता. जगाने मात्र हिला 'मेट्रॉइड'च्या नावाशी जोडलं आणि 'मेट्रॉइडव्हेनिया' असा अख्खा प्रकारच रूढ झाला. आज जगभर लहानमोठे स्टुडिओ ज्या पद्धतीचे खेळ बनवतात, त्यांतल्या कितीतरींचं मूळ या किल्ल्यात आहे.

पण मला तो आवडतो तो रिकाम्या जागांसाठी. प्रार्थनागृहात कबुलीजबाब देण्याची खोली आहे. खुर्चीवर बसलं की जाळीपलीकडे पाद्र्याचं भूत प्रकटतं, पडदा ओढला जातो. कधी ते आशीर्वाद देऊन द्राक्षाचा रस ठेवून जातं, कधी पडद्यातून भाले बाहेर येतात. पलीकडच्या, पाद्र्याच्या खुर्चीत बसलं तर कबुली द्यायला एक बाई येते. एका ठिकाणी दुर्बीण आहे. तिच्यातून पाहिलं की खाली पाण्यात नाव वल्हवणारा नावाडी दिसतो. एका घरट्यात पक्षी आहेत, जाऊन येऊन पाहत राहिलं तर पिल्लं मोठी होतात आणि एक दिवस उडून जातात. यांतल्या कशाचाही जिंकण्याशी संबंध नाही. कुणीतरी चित्रकार, कुणीतरी प्रोग्रॅमर आपल्या वेळातला वेळ देऊन हे करून ठेवतो, कारण ज्या घरात माणूस वाढला त्या घरात अशा जागा असणारच. ग्रंथालयात यामानेबाईंचं हार्पसिकॉर्ड वाजू लागलं की मी कंट्रोलर खाली ठेवून नुसती ऐकत बसते.

आईचा धागाही याच खेळात आहे. ॲलुकार्डची आई लिसा माणूस होती, वैद्यकी करायची, माणसांनीच तिला चेटकीण ठरवून मारलं. दुःस्वप्नाच्या एका प्रसंगात एक सैतानीण तिचं रूप घेऊन मुलाला माणसांचा सूड घ्यायला सांगते, आणि मुलगा तिला तिथल्या तिथे ओळखतो, कारण त्याची आई असं म्हणणार नाही हे त्याला ठाऊक असतं. शेवटी तो बापाला आईचे खरे शेवटचे शब्द सांगतो: माणसांचा द्वेष करू नका, त्यांच्यासोबत राहता येत नसेल तर निदान त्यांचं वाईट करू नका. ड्रॅक्युला एवढं ऐकून घेतो आणि लिसाची क्षमा मागत नाहीसा होतो. मालिकेत इतक्या वेळा मेलेला ड्रॅक्युला मला एकदाच माणूस वाटला, तो इथे.

मग सिम्फनी माझ्या यादीत पहिली का नाही? कारण ॲलुकार्ड वाढत जातो आणि मी वाढत नाही. सुरुवातीला मृत्यू त्याची सगळी शस्त्रं काढून घेतो, तिथून तो पायरी पायरीने बळकट होतो: अनुभव, पातळ्या, तलवारी, ढाली, अंगरखे. रिक्टर कुणाच्या ताब्यात आहे हे किल्ल्यात भेटणाऱ्या मारियाने दिलेल्या चष्म्यातून दिसतं, आणि ते दिसलं तर आकाशात दुसरा किल्ला उलटा लटकलेला उघडतो. छत खाली, जमीन वर, जिने डोक्यावर. नकाशा २०० टक्क्यांच्याही पुढे जातो. पूर्ण आकडा २००.६. ही कल्पना श्वास रोखायला लावणारी आहे. पण आत गेल्यावर काय? बऱ्याच दालनांत एकच संगीत पुन्हा पुन्हा वाजतं, शत्रू विखुरल्यासारखे ठेवलेले, आणि ॲलुकार्ड एव्हाना इतका बलवान की कशालाच दरारा उरत नाही. उलट्या ग्रंथालयात श्मू नावाचं एक पांढरं भूत आहे, त्याला मारताना क्वचित कधी क्रिसेग्रिम ही तलवार पडते. ती मिळाली की चालता चालता बटण दाबत राहायचं, एका दाबाला चार वार होतात, समोर कोण आहे ते पाहायचीही गरज नाही. मेड्युसाची मुंडकी इथेही लाटेसारखी येतात. त्यांची लय शिकावी लागत नाही. ज्या खेळाने मला घर दाखवलं त्यानेच त्या घरातली भीती काढून घेतली, ही माझी सिम्फनीबद्दलची एकुलती एक, पण खोल खंत आहे.

त्यानंतर मालिका गेम बॉय ॲडव्हान्सच्या हातात मावणाऱ्या पडद्यावर आली. २००१ चा 'सर्कल ऑफ द मून' कष्टाळू, पण इतका काळोखा की दिव्याखाली बसून खेळावा लागे. २००२ चा 'हार्मनी ऑफ डिसोनन्स' रंगांनी उजळ, आवाजाने किरटा. आणि २००३ मध्ये आला 'आरिया ऑफ सॉरो'.

या खेळात काळ आहे २०३५ चा, जागा जपान. सोमा क्रूझ हा शिकायला आलेला परदेशी तरुण, पांढऱ्या कोटातला. मैत्रीण मिना हिच्या घरच्या देवळाकडे जात असताना सूर्यग्रहण लागतं आणि दोघं ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात ओढले जातात, कारण किल्ला आता ग्रहणाच्या आत कोंडलेला आहे. १९९९ मध्ये ड्रॅक्युला कायमचा मेला, ज्युलियस बेलमाँटने त्याला मारलं, आणि त्याचं सामर्थ्य घेणारा वारस याच वर्षी इथे येईल असं भाकीत आहे. ती १९९९ ची लढाई कोनामीने आजवर खेळ म्हणून दाखवलेली नाही. मला तेच बरं वाटतं. काही लढाया ऐकूनच माहीत असाव्यात.

सोमा पहिला राक्षस मारतो आणि त्या राक्षसातून एक झळाळता गोळा उडून थेट सोमाच्या अंगात शिरतो. आत्मा. इथून पुढे हाच खेळ. शंभरावर प्रकारचे शत्रू, प्रत्येकाचा आत्मा, प्रत्येक आत्म्याची एक शक्ती. लाल आत्मे हल्ल्याचे, निळे पाठराखणीचे, पिवळे अंगच्या गुणांचे, आणि काही असे की ते असल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. आत्मा दर वेळी मिळत नाही. म्हणून आपण खोलीत शिरतो, सांगाडा मारतो, बाहेर येतो, पुन्हा शिरतो, पुन्हा मारतो. प्रवासात, रात्री पांघरुणात, मी हे तासन् तास केलं आहे. हाव लागते. यादीतले रिकामे खण भरायची ती हाव अगदी निरागस वाटते, कारण खेळात वस्तू गोळा करायच्याच असतात, असं आपण धरून चालतो.

किल्ल्यात ग्रॅहम जोन्स नावाचा एक गुळगुळीत बोलणारा माणूस भेटतो. ड्रॅक्युला मेला त्याच दिवशी आपण जन्मलो, म्हणून वारस आपणच, असा त्याचा दावा. त्याला नुसता मारला तर खेळ संपतो, सगळे घरी जातात, पण काहीतरी सुटल्यासारखं वाटतं. किल्ल्यात मिळणारी जुनी पुस्तकं सूचना देतात. त्यांप्रमाणे ग्रॅहमशी लढताना तीन विशिष्ट आत्मे अंगावर असावे लागतात: अग्नी फेकणारा राक्षस, महावटवाघूळ आणि रक्त शोषणारी सक्युबस. आगीचे गोळे, वटवाघळाचं रूप, रक्तपान. मालिका माहीत असलेल्याला हे तीन एकत्र दिसले की धडकी भरते. या ड्रॅक्युलाच्याच खुणा आहेत. त्या लेवून मी उभी असते आणि सोमाला उमगतं की वारस ग्रॅहम नाही. ड्रॅक्युला तो स्वतः आहे.

त्या क्षणी मागचे सगळे तास पालटतात. खोलीत शिरून पुन्हा पुन्हा मारणं, अंगात आत्मे साठवणं, यादी भरण्याचा आनंद, हे सगळं दुसरं काय होतं? सैतान असाच तर होतो. मला कुणी फसवलं नव्हतं, प्रत्येक आत्मा मी आपखुशीने घेतला होता. कथा एका बाजूला आणि खेळणं दुसऱ्या बाजूला, असं बहुतेक खेळांत असतं. मध्येच खेळ थांबवून आपल्याला गोष्ट सांगितली जाते. आरियात माझं खेळणं हीच गोष्ट आहे.

यानंतर वाटेत ज्युलियस उभा असतो. स्मृती हरवलेला तो वयस्कर माणूस आता सगळं आठवून आला आहे. त्याच्या हातात बेलमाँट घराण्याचा चाबूक आहे. तो क्रूस फेकतो, कुऱ्हाड फेकतो, पवित्र पाण्याच्या ज्वाळा पेटवतो. ही सगळी माझी हत्यारं होती. १९८६ च्या त्या बोळात मी त्यांच्याच जोरावर तगले होते, त्यांच्या फेकीची उंची, त्यांचा वेग मला हातात पाठ आहे, आणि आता ती माझ्या दिशेने येत आहेत. मी दालनाच्या या टोकाला उभी आहे, जिथे आजवर ड्रॅक्युला उभा असायचा. माझ्या माहितीतल्या कुठल्याच खेळाने आपल्या जुन्या भागांचा असा उपयोग केलेला नाही. लढाईनंतर सोमा ज्युलियसकडून वचन मागतो: मी त्याच्यासारखा झालो तर मला मार. आणि पुढे अराजकाशी झालेल्या शेवटच्या झुंजीत सोमा हरला तर खेळ ते वचन पाळून दाखवतो. सिंहासनापाशी ज्युलियस येतो, चाबूक सोडवतो. एरवी हरलं की पडदा काळा होतो आणि आपण पुन्हा सुरुवात करतो. इथे हरण्यालाही शेवट आहे.

आरियात उणिवा आहेत. किल्ला सिम्फनीच्या मानाने लहान, पक्ष्यांच्या घरट्यासारख्या निवांत जागा कमी, संवाद काही ठिकाणी सपाट. यामानेबाईंनीही इथे तेवढी उंची गाठलेली नाही, असं मला वाटतं. तरी माझ्या प्रश्नाला सर्वांत प्रामाणिक उत्तर याच खेळाने दिलं. पहिल्या खेळात बळ माझं वाढलं. सिम्फनीत ॲलुकार्डचं वाढलं. आरियात सोमाचं बळ वाढलं आणि त्या वाढण्याचीच किंमत मोजावी लागली. म्हणून आधी आरिया, तिच्या अगदी खांद्याला खांदा लावून १९८६ चा पहिला खेळ, आणि तिसरी सिम्फनी. सिम्फनीला तिसरी म्हणताना जीव तुटतो, पण क्रम हाच.

नंतरच्या खेळांबद्दल मला फार सांगायचं नाही. निन्टेन्डो डीएसवरचे तीनही चांगले, त्यातही २००८ चा 'ऑर्डर ऑफ एक्लेसिया' कडक आणि शिस्तीचा. स्पेनच्या मर्क्युरीस्टीम स्टुडिओने २०१० मध्ये 'लॉर्ड्स ऑफ शॅडो' काढला तो भव्य होता, पण त्यातल्या किल्ल्याशी माझं नातं जुळलं नाही. इगाराशींनी २०१४ मध्ये कोनामी सोडली आणि पुढल्या वर्षी 'ब्लडस्टेन्ड'साठी लोकांकडेच पैसे मागितले; पाच लाख डॉलर मागितले होते, पंचावन्न लाखांवर जमले. २०१९ मध्ये आलेला तो खेळ सिम्फनीचाच वारस आहे, गुणांसकट आणि त्या एका दोषासकट. नेटफ्लिक्सची मालिका २०१७ पासून आली, तिने ट्रेव्हर, सायफा आणि लिसा यांची गोष्ट खेळ न खेळणाऱ्यांपर्यंत पोचवली, याबद्दल मला तिचं कौतुक आहे.

आता हे खेळ मिळवणं अवघड राहिलेलं नाही. पहिला आणि तिसरा भाग २०१९ च्या 'ॲनिव्हर्सरी कलेक्शन'मध्ये आहेत, आरिया २०२१ च्या 'ॲडव्हान्स कलेक्शन'मध्ये, आणि सिम्फनी २०२० पासून फोनवरही आहे. मात्र फोनला कंट्रोलर जोडूनच ती खेळा, काचेवर बोटं घासून ॲलुकार्डवर अन्याय करू नका. सुरुवात पहिल्यापासून करा. या संग्रहांत हवं तिथे खेळ जपून ठेवायची सोय आहे, पण मृत्यूच्या दालनाआधीच्या बोळात ती वापरू नका. तो बोळ स्वतःच्या हाताने पार करा, आणि मगच आरिया हातात घ्या. ज्युलियस समोर आला की कारण कळेल.